भिंतीपलीकडचं क्लारनेट

कापसाचा दुसरा वेचा सुरू झाला की उमरखेडहून ढाणकीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या होतात. खचाखच भरलेल्या गाड्यांतून उडालेला कापूस काट्यांना अडकतो, आठ-पंधरा दिवस तिथंच राहतो आणि धुळीनं हळूहळू मळत जातो. मी रोज याच रस्त्यानं शाळेत जाते. या दिवसांत माझ्या वर्गातली हजेरी पातळ होते, दुपारी तुरीच्या फुलांचा वास खिडकीतून येतो, आणि मधल्या सुट्टीत आम्हा शिक्षिकांना डबा खायला चक्क निवांत वेळ मिळतो.

परवा असाच डबा उघडला आणि फोनवर सहज एक तुकडा लावला. शाळेत नवीनच आलेल्या मॅडमनी कान दिला.

"कोणत्या सिनेमातलं आहे हो हे?"

"सिनेमातलं नाही. एका मालिकेतलं आहे."

"मग गाणं केव्हा सुरू होते?"

"गाणं नाहीच यात. मालिकेत मागे वाजतं ना, ते आहे. त्याचा वेगळा अल्बम निघालाय."

त्या हसल्या. "मालिकेचं मागचं म्युझिक कोणी असं वेगळं काढून ऐकते का?"

प्रश्न रास्त होता. मागचं म्हणजे मागचंच. ते पुढं आणून बसवलं तर त्याला बसता येतं का? मी त्यांना हसून काहीतरी उत्तर दिलं, पण संध्याकाळपर्यंत मनात चार वर्षांपूर्वीचे वेचणीचे दिवस येत राहिले. तेव्हा आमच्या घरात या प्रश्नावर तीन महिने चर्चा चालली होती.

आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझे मामाजी, किसनराव, ढाणकीच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लारनेट वाजवत होते. वरात असो, भीमजयंतीची मिरवणूक असो, उरूस असो, किसनमास्तरांच्या क्लारनेटशिवाय बँड दाराबाहेर पडत नसे. मग डीजेच्या गाड्या आल्या, बँड मोडला. क्लारनेट पेटीत गेलं ते गेलंच. आम्हाला वाटायचं, बँड गेला म्हणून मामाजींनी वाजवणं सोडलं. खरं कारण वेगळं होतं आणि ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्यांचे दात हलायला लागले होते. क्लारनेट दातांवर टेकवून धरावं लागतं. दात हलला की सूर हलतो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि मामाजी आमच्याकडे उमरखेडला राहायला आले. उरलेले दहा दात काढायचे होते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एकेका बाजूचे करत सगळे काढू, हिरड्या भरून यायला दोन-अडीच महिने लागतील, मग कवळी बसवू. मामाजींनी मान डोलावली आणि घरी येऊन मागच्या खोलीत बाज टाकून घेतली. चेहरा सुजलेला, भरघोस मिशीखाली तोंड बसलेलं. असं तोंड घेऊन ते बैठकीत यायला तयार नव्हते. ताकातल्या ज्वारीच्या कण्या मी आतच नेऊन द्यायची.

माझी तेव्हा एक मालिका सुरू होती. दोन बहिणींची गोष्ट होती. थोरली घर सांभाळता सांभाळता घरातूनच बाहेर फेकली जाते, धाकटीला ते फार उशिरा कळतं. रोज साडेसात वाजता पोळ्या उरकून मी टीव्हीपुढं बसायची. माझे यजमान विलास एसटीत कंडक्टर. त्यांची ड्युटी असली की घरात मी, टीव्ही आणि भिंतीपलीकडे मामाजी. त्यांचं मालिकांबद्दलचं मत मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"त्या डब्यातले माणसं एकमेकाकडे पाह्यतच राह्यते," ते म्हणाले होते. "अन् मांगून कोणी ढोल आपटते. ते काय वाजवणं हाय?"

नोव्हेंबर सरता सरता एका संध्याकाळी मला शाळेच्या बैठकीतून यायला उशीर झाला आणि मालिका चुकली. सकाळी कण्या घेऊन गेले तर मामाजी म्हणाले, "काल ते नाही वाजलं?"

"काय नाही वाजलं?"

"ते खालच्या सुरातलं. तुह्या सिरीलमधलं."

मी दीड वर्ष ती मालिका पाहत होते. शीर्षकगीत तोंडपाठ होतं. खाष्ट नणंद दारात आली की वाजणारे ते तीन तडाखे माझ्या वर्गातली मुलंसुद्धा वाजवून दाखवायची. पण खालच्या सुरातलं काही मला आठवेना.

"तुले कसं आठवन?" मामाजी म्हणाले. "माणसं बोलत असते तवा ते मांगून वाजते. तू बोलणं ऐकतं. मले भिंतीतून बोलणं येत नाही. तेवढंच येते."

त्या संध्याकाळी मी टीव्ही लावला आणि त्याच्यापुढं न बसता मामाजींच्या बाजेच्या कडेवर जाऊन बसले. खरंच. भिंतीतून माणसांचं बोलणं म्हणजे नुसती गुणगुण येत होती. त्या गुणगुणीच्या खालून, लाकडाच्या पोटातून निघावा तसा एक सूर सावकाश चालत गेला, थांबला, पुन्हा चालला. मामाजींनी डोळे मिटले होते.

"आता कोणीतरी जाऊन राह्यलं," ते म्हणाले.

विलास ड्युटीवरून आले तर बैठकीत टीव्ही चालू आणि समोर कोणीच नाही. आत येऊन पाहतात तो सासरा आणि सून भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"टीव्ही कोणासाठी लावून ठेवला?" त्यांनी विचारलं.

"चूप," मामाजी म्हणाले.

पुढे तो आमचा रिवाजच झाला. अर्धी मालिका मी बैठकीत पाहायची, अर्धी मागच्या खोलीत ऐकायची. शेजारणी विचारायच्या, काल नणंदेचं बिंग फुटलं ते पाहिलं का? मी म्हणायची, ऐकलं. त्यांना वाटायचं, मी कोणाकडून तरी ऐकलं.

डिसेंबरात मालिका संपली. दोघी बहिणी भेटल्या, सगळ्यांना सगळं कळलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वेळेला दुसरीच माणसं घरात भांडू लागली. मामाजींनी दोन दिवस ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बंद कर बाप्पा." साडेसात वाजले की घर मोकळं मोकळं वाटायचं. मामाजींची चिडचिड वाढली. कण्या नको, खिचडी नको, ढाणकीले जातो. एका दुपारी मी फोनवर मालिकेचं नाव टाकून शोधत बसले, आणि हा अल्बम सापडला. बत्तीस तुकडे, सगळे बिनबोलाचे.

रविवारी दुपारी आम्ही गच्चीवर बसलो. मी तुरीच्या शेंगा सोलत होते, विलास उन्हात आडवे झाले होते. मामाजींना भेटायला युसूफभाई आले होते. ते त्याच बँडमध्ये साइडड्रम वाजवायचे. आता उमरखेडच्या बसस्टँडजवळ त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. मी छोटा स्पीकर मध्ये ठेवला आणि पहिला तुकडा लावला.

"हे तेव्हा वाजतं, जेव्हा धाकटी बहीण..."

"थांब," मामाजींनी हात वर केला. "सांगू नको."

"का हो?"

"तू सांगशीन तं मले तेच दिसन. मले अगोदर आयकू दे."

बत्तीसच्या बत्तीस तुकडे त्यांनी ऐकले. मध्ये चहा झाला, ऊन सरकलं तशी चटई सरकवली. बँडमधल्या पोरांची परीक्षा घ्यावी तसं एकेकाला पुढं बोलावून त्यांनी निकाल दिला. काही तुकडे जेमतेम अर्ध्या मिनिटाचे होते. "हे सुरू होते न होते तं संपते. दार उघडून पाह्यलं अन् निघून गेलं." रडण्याच्या प्रसंगांचे पाच-सहा तुकडे होते, सारंगीचे. मालिका पाहताना त्यांनी मला हमखास रडवलं होतं. गच्चीवर, शेंगा सोलताना, ते नुसतेच लांबत गेले. "याले समोर आसवं पाह्यजे," मामाजी म्हणाले. "आसवं नसली तं यात काही नाही." मला थोडा राग आला, पण डोळे कोरडे होते हे खरं.

नणंदेच्या तीन तडाख्यांची मात्र गंमत झाली. टीव्हीवर ते वाजले की मी घाबरून आवाज कमी करायची. इथं युसूफभाईंनी चहाच्या पत्र्याच्या डब्यावर लगेच त्याला ठेका धरला. "किसन, ये तो नाचने का माल है यार!" म्हणत त्यांनी तो तुकडा दोनदा लावायला लावला. विलास उठून बसले. ज्या बाईला मी दीड वर्ष शिव्या दिल्या, तिच्या येण्याच्या सुरावर आम्ही चौघं मान डोलवत होतो. ती बिचारी तिथं असती तर तिलाही आवडलं असतं.

तेविसावा की चोविसावा तुकडा लागला आणि मामाजी ताठ बसले.

"अरे किसन," युसूफभाई हळूच म्हणाले, "हे तं क्लारनेट हाय."

"मंग? मी महिन्याभरापासून काय म्हणून राह्यलो?"

तोच तो सूर होता. भिंत मध्ये नसल्यामुळे आता त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. वाजवणारा कुठं दम घेतो, कुठं सुराला नुसता हात लावून सोडून देतो, सगळं. मामाजींची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. तुकडा संपला तशी ती थांबली. "पुन्हा लाव," ते म्हणाले. त्या दुपारी तो तुकडा किती वेळा वाजला ते मी मोजलं नाही, पण शेंगांची टोपली रिकामी झाली.

त्या दिवसांत मी स्वयंपाक करताना अल्बम लावायला लागले. सुरुवातीला प्रत्येक तुकड्याबरोबर मला मालिका दिसायची. ते घर, तो जिना, थोरल्या बहिणीची निळी साडी. पंधरा-वीस दिवसांत ती चित्रं विटायला लागली. सारंगीच्या तुकड्यांमागची चित्रं गेली तसे ते तुकडेही गेले, मी ते गाळूनच पुढं जायची. पण काही तुकडे चित्र गेल्यावर जास्तच जवळ आले. एका बासरीच्या तुकड्यात मला महागावचं माझं माहेर दिसायला लागलं. आईनं अंगणात पसरलेली सरकी, तिच्यात खेळून अंगभर चिकटलेले तंतू, आणि ते काढताना आईची बडबड. त्या मालिकेत सरकी नव्हती की अंगण नव्हतं. संगीतकारानं ते कोणासाठी केलं असेल आणि पोचलं कुठं!

जानेवारीच्या शेवटी कवळी आली. डॉक्टरीणबाईंनी आरसा दिला, मामाजींनी मिशीवरून हात फिरवला. दहा वर्षांनी लहान दिसत होते. घरी आल्या आल्या त्यांनी विलासला ढाणकीला पाठवून क्लारनेटची पेटी मागवली. संध्याकाळी मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. आम्ही बाहेर कान देऊन बसलो. आधी नुसती हवा ऐकू आली. मग एक चिरका आवाज, मग परत हवा. मग बराच वेळ काहीच नाही.

मी दार ढकललं तेव्हा कवळी वाटीत पाण्यात पडली होती आणि मामाजी क्लारनेटचे भाग सुटे करत होते. वरची कवळी लाकडाचा जोर सोसत नव्हती, सरकत होती.

"आता माह्या तोंडातून हवाच निघन, ज्योती," ते म्हणाले. "हे राहू दे. विकून टाक नाहीतर कोणाले देऊन टाक."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला वाटलं, हा सगळा उपद्व्याप मीच केला. भिंतीपलीकडचं भिंतीपलीकडेच राहू दिलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना युसूफभाईंच्या दुकानावर थांबले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले, दुकान तसंच सोडलं आणि माझ्या मागोमाग घरी आले. बाजेवर बसत म्हणाले, "काहून रे, तुले क्लारनेट शिकवणाऱ्या उस्तादच्या तोंडात एक तरी दात होता का?"

मामाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"सांग ना सुनबाईले. बुढ्ढा सत्तर का था. दोन्ही ओठ आत घेऊन वाजवत होता. तू त्याची नक्कल करून आमाले हसवत होता. आता कर ना नक्कल."

मामाजींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आधी राग, मग आठवण, मग इतकं ओशाळं हसू, की त्यांचं बोळकं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडं पाहिलं. उस्तादांच्या माघारी पन्नास वर्षांनी त्यांची नक्कल करायला ते बसले. कवळी काढून, दोन्ही ओठ आत दुमडून, त्यात क्लारनेट धरून. पहिला आठवडाभर म्हशीचं पारडू ओरडावं तसे आवाज आले. शेजारच्या काकूंनी विचारलं, तुमच्याकडे जनावर घेतलं का? वरचे सूर लागेनात. पण खालचे, जाड, सावकाश सूर हळूहळू यायला लागले. आणि तो तुकडा तर सगळाच खालच्या सुरांत होता.

रोज चारच्या सुमाराला मी गल्लीच्या कोपऱ्यावर वळले की तो सूर ऐकू यायचा, रोज थोडा पुढं सरकलेला. एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर मामाजींनी क्लारनेट मांडीवर ठेवलं. "आता सांग. हे वाजते तवा त्या सिरीलमधी काय होते?"

मी सांगितलं. थोरली बहीण घराला कुलूप लावते, किल्ली शेजारणीकडे देते आणि पिशवी घेऊन बसस्टँडकडे चालत जाते.

"कुलूप?" ते विचारात पडले. "मले वाटलं, पाणी हाय. उन्हाळ्यात पैनगंगा आटते पाह्य, रेतीतून एवढीशी धार चालत राह्यते, तसं. म्हणजे मी चूक आयकलं?"

"नाही मामाजी. कुलूपही बरोबर आहे आणि पाणीही."

त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे. पण पुढच्या वेळी त्यांनी वाजवलं तेव्हा मीसुद्धा पैनगंगेच्या रेतीवर उभी होते, आणि त्या बहिणीची मला आठवणही झाली नाही.

फेब्रुवारीत आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. नाचांच्या मध्ये मुलांचे कपडे बदलेपर्यंत काय करायचं, असा प्रश्न दरवर्षी असतो. मी हेडसरांना मामाजींचं नाव सुचवलं. मामाजी दोन दिवस नाही म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी पांढरा सदरा इस्त्रीला टाकला. संमेलन दुपारचं होतं, तरी शेवटचा वेचा चालू असल्यामुळे बऱ्याच आया शेतातून थेट आल्या होत्या. साडीवर पुरुषी सदरे, डोक्याला रुमाल. पुढच्या रांगेत सातवीतल्या पूजाची आई, कमलबाई, बसल्या होत्या. युसूफभाई दुकान बंद करून आले होते आणि मागे उभे होते.

मामाजींनी पाठ फिरवली, कवळी काढून रुमालात गुंडाळून खिशात ठेवली आणि लोकांकडे वळून वाजवायला सुरुवात केली. मुलांची चुळबुळ चालूच होती, ती चार-सहा सुरांनंतर थांबली. तो तुकडा अल्बममध्ये दोन मिनिटांचासुद्धा नाही. मालिकेत तेवढीच जागा असेल त्याला. पुढं तो सूर वाजता वाजता पुसट होत जातो आणि कळतही नाही कधी नाहीसा झाला ते. मामाजींनीही तसंच केलं. आवाज बारीक बारीक करत नेला आणि क्लारनेट खाली घेतलं. टाळ्या वाजल्या.

कमलबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या उठून मंचाच्या काठाशी आल्या.

"मास्तर, हे मी कुठंतरी आयकलं हाय. कुठं ते काही याद येत नाही. पण तुमी पुरं नाही वाजवलं."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. तिकडे कोळीनाचाच्या मुली टोपल्या घेऊन तयार होत्या, हेडसर घड्याळ पाहत होते. त्याच्यापुढं काही नाहीच, हे मला कमलबाईंना सांगायचं होतं. पण मामाजींनी क्लारनेटच्या तोंडाशी असलेल्या पत्तीला ओठ लावून ती ओली केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दोन मिनिटं होत आली. सूर पुसट व्हायची जागा आली आणि मामाजी तिथं थांबले नाहीत. त्यांनी दम घेतला आणि पुढं पाऊल टाकलं. तिथून पुढचं मी कधी ऐकलेलं नव्हतं, भिंतीतूनही नाही. सूर जरा वर चढला, जिथं त्यांचे ओठ अजून पुरते पोचत नव्हते तिथंही जाऊन आला, किंचित फाटला, सावरला, आणि फिरत फिरत सावकाश घरच्या सुरावर येऊन टेकला. मागे युसूफभाईंनी कुठल्याशा बाकावर हलकेच एक थाप दिली.

कमलबाईंनी डोक्याचा रुमाल सोडला आणि पुन्हा बांधला.

"हां," त्या म्हणाल्या, "आता झालं पुरं." आणि जाऊन आपल्या जागेवर बसल्या.